परसातल्या पत्र्याच्या खोलीला प्लास्टिकच्या तावदानांची खिडकी

कोकणात घरामागच्या परसात जांभ्याच्या चौथऱ्यावर लाकडी सांगाडा उभा करून आणि त्याला चारही बाजूंनी पन्हाळी पत्रे ठोकून केलेली अवजारांची खोली पुष्कळ वाड्यांमध्ये दिसते. कुदळी, पहारी, कोयते, घमेली, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या असे सगळे सामान तिच्यात राहते. पण भर दुपारीसुद्धा दार उघडून आत गेल्यावर हवी ती वस्तू चाचपडत शोधावी लागते, आणि पावसाळ्यात दार बंद राहिले की कोंडलेल्या दमट हवेने लोखंडावर गंज चढतो. उजेडासाठी एक बंद आणि हवेसाठी एक उघडणारी, अशा दोन साध्या खिडक्या या दोन्ही अडचणी दूर करतात. सुतारकामाचा फारसा अनुभव नसलेल्या माणसालाही अशी एक खिडकी तीन-चार दिवसांत स्वतः करता येते. मात्र प्लास्टिक हे काचेसारखे दिसत असले तरी ते काचेसारखे वागत नाही, ही एक गोष्ट पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत लक्षात ठेवावी लागते.

मी पहिली खिडकी केली तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. पत्र्याला भोक पाडले, त्यावर ॲक्रिलिकची शीट ठेवली, आठ स्क्रू घट्ट आवळले आणि कडेने सिलिकॉन भरले. एप्रिलच्या उन्हात एका स्क्रूपासून केसासारखी बारीक चीर निघाली, ती आठवड्याभरात कोपऱ्यापर्यंत पोहोचली; आणि पुढच्या पावसाळ्यात सिलिकॉनखालच्या पत्र्याची कापलेली कड तांबूस होऊन पापुद्रे सुटू लागले. या दोन्ही बिघाडांची कारणे समजली तेव्हा खिडकी कशी करावी हेही समजले, आणि पुढील सर्व कृती त्या समजुतीवरच उभी आहे.

कोणते प्लास्टिक घ्यावे

बाजारात या कामासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या शीट मिळतात. ॲक्रिलिक हे अधिक पारदर्शक असते, त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आत येतो, उन्हाने ते सहसा पिवळे पडत नाही आणि त्यावर ओरखडेही तुलनेने कमी उठतात. परंतु ते ठिसूळ असते, त्यामुळे माडावरून झावळ किंवा नारळ थेट त्यावर पडला तर ते फुटू शकते. पॉलिकार्बोनेट मात्र वाकते, पण सहजी फुटत नाही. त्याच्या चांगल्या शीटवर उन्हापासून संरक्षण देणारा थर दिलेला असतो, तो बहुधा एकाच बाजूला असतो आणि त्या बाजूच्या संरक्षक कागदावर तसे छापलेले असते. ती बाजू बाहेर ठेवली नाही, तर शीट काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ होते. माडांखालच्या खोलीला पॉलिकार्बोनेट आणि मोकळ्या जागेतल्या खोलीला ॲक्रिलिक, अशी निवड मी करीन. दोहोंतही ४ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे.

पूर्ण शीट ८ फूट बाय ४ फुटांची असते आणि एका खिडकीसाठी तेवढी लागत नाही. दुकानांचे नामफलक बनवणाऱ्या कारागिरांकडे ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे असतात. तिथे मापाचा तुकडा मागावा. साध्या पॉलिथिनच्या कागदाची खिडकी मात्र करू नये, कारण तो एका उन्हाळ्यातच कडक होऊन फाटतो. अगदीच कमी खर्चात भागवायचे असेल तर पॉलिहाऊससाठी येणारा २०० मायक्रॉनचा, उन्हाला टिकणारा कागद लाकडी चौकटीवर पट्ट्यांनी ताणून बसवावा आणि काही वर्षांनी तो बदलावा लागेल हे धरून चालावे.

जागा आणि माप

कोकणात पावसाची झड प्रामुख्याने नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, म्हणून खिडकी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत घ्यावी. उत्तरेचा प्रकाश दिवसभर सारखा राहतो आणि त्याबरोबर फारसे ऊन आत शिरत नाही. तळापासून साधारण चार फुटांवर खिडकीचा खालचा काठ आला म्हणजे खाली गोण्या रचता येतात. कीटकनाशके आणि बियाणे ज्या फळीवर ठेवता, तिच्यावर थेट ऊन पडणार नाही हे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा आत उभे राहून पाहून घ्यावे.

सांगाड्याचा उभा खांब खिडकीसाठी कधीही कापू नये. दोन खांबांच्या मधली जागा निवडावी, आणि वरच्या व खालच्या आडव्या वाशांच्या मध्ये दोन नव्या उभ्या पट्ट्या बसवून त्यांना चौकट जोडावी.

आता मापाविषयी. नवखा माणूस आधी शीट आणतो आणि मग तिच्या मापाचे भोक पत्र्यात पाडतो. करायचे आहे ते नेमके याच्या उलट. पन्हाळी पत्र्यावरचे पाणी खोलगट भागातून वाहते, म्हणून उभा काप नेहमी उंचवट्यावर यावा, म्हणजे कडेच्या पन्हळीतले पाणी आपल्या वाटेने खाली निघून जाते आणि चौकटीच्या सांध्याकडे वळत नाही. माझ्याकडच्या पत्र्यात एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंत ७६ मिलिमीटर अंतर आहे. नऊ पन्हळी घेतल्या तेव्हा भोकाची रुंदी ६८४ मिलिमीटर झाली. त्यातून दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर मोकळी जागा सोडली म्हणजे चौकटीची बाहेरची रुंदी ६७८ येते. चौकटीचे लाकूड ३८ मिलिमीटर जाड धरले तर आतली रुंदी ६०२ येते. आणि तावदानाला पुन्हा दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर मोकळीक दिली की तावदान ५९६ मिलिमीटर रुंद कापायचे. उंचीला असे बंधन नाही. मी तावदान ४५० मिलिमीटर उंच घेतले, त्यामुळे चौकट आतून ४५६ आणि बाहेरून ५३२ मिलिमीटर झाली, आणि भोक ५३८ मिलिमीटर उंच झाले. आपल्या पत्र्यावर टेप धरून हीच वजाबाकी करावी आणि सर्व आकडे एका फळीवर लिहून ती फळी काम संपेपर्यंत जवळ ठेवावी.

तावदानाभोवतीची ही ३ मिलिमीटर मोकळीक उगाच नाही. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ सहापट प्रसरण पावतात. पौषातल्या पहाटेच्या आणि वैशाखातल्या दुपारच्या तापमानात, तापलेल्या पत्र्याच्या भिंतीशी, ४० अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्या फरकाने ५९६ मिलिमीटरचे तावदान सुमारे दीड ते पावणेदोन मिलिमीटर वाढते. त्याला वाढायला जागा नसली तर ते फुगते, किंवा जिथे स्क्रूने जखडले आहे तिथे चिरते. म्हणूनच या खिडकीत तावदानाला एकही भोक पाडायचे नाही आणि एकही स्क्रू त्याच्यातून जाऊ द्यायचा नाही. दोन लाकडी पट्ट्यांच्या मधल्या खाचेत ते मोकळे उभे राहील.

चौकट करणे

जुन्या घरातून निघालेले सागवान मिळाले तर उत्तम, कारण ते आधीच वाळलेले असते. नाहीतर पुरते सुकलेले कोणतेही टिकाऊ लाकूड चालेल. ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटते. ७५ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड अशा चार पट्ट्या घ्याव्यात. टोकांना प्रत्येक पट्टीची निम्मी जाडी करवतीने आणि पटाशीने काढून त्या एकमेकींवर बसवाव्यात, सांध्यात पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद लावून प्रत्येक कोपऱ्यात दोन स्क्रू द्यावेत. गोंद ओला असतानाच समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असे समजावे. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका ठोका देऊन ती सरळ करता येते, पण गोंद सुकल्यावर ते जमत नाही.

खालच्या पट्टीकडे अधिक लक्ष द्यावे. तिचा आतल्या बाजूचा ३५ मिलिमीटर भाग सपाट ठेवावा, कारण तिथे तावदान आणि त्याच्या पट्ट्या येणार आहेत. उरलेला बाहेरचा ४० मिलिमीटर भाग रंध्याने बाहेरच्या बाजूला उतरता करावा. काठावर बोट ठेवल्यावर उतार हाताला स्पष्ट जाणवला पाहिजे. याच पट्टीच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या काठापासून १० मिलिमीटर आत, करवतीने एक आडवी बारीक खाच पाडावी. काठावरून ओघळणारे पाणी लाकडाच्या पोटाला चिकटून आत सरकते, ते या खाचेशी आल्यावर थेंब होऊन खाली पडते. घराच्या छज्जाखालीही अशीच खाच असते.

तावदान धरण्यासाठी १५ बाय १५ मिलिमीटरच्या आठ पट्ट्या लागतात, चार आत आणि चार बाहेर. बाहेरच्या चार पट्ट्या चौकटीत कायमच्या ठोकाव्यात. त्यांतल्या तळच्या पट्टीच्या खालच्या काठावर, दोन टोकांपासून साधारण १०० मिलिमीटरवर, ६ मिलिमीटर रुंदीच्या दोन खाचा आधीच कापून ठेवाव्यात. या खाचांमधून आत शिरलेले पाणी बाहेर जाते. पाणी कुठूनच आत येणार नाही असा बंदोबस्त करण्याच्या नादात खालची फट सिलिकॉनने बंद करणे ही सर्वांत नेहमी होणारी चूक आहे; कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातले थोडेसे पाणी खाचेत येणारच, आणि त्याला वाट नसली तर ते लाकडात मुरून चौकट खालून कुजवते.

सर्व लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन हात किंवा चांगल्या प्रतीचा ऑइलपेंट द्यावा, आणि पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना एक हात जास्त द्यावा, कारण लाकूड टोकांकडून सर्वांत जास्त पाणी पिते. काजूच्या टरफलांचे तेल वाळवीसाठी फार गुणकारी आहे, पण ते कातडीला लागले तर फोड उठतात, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि ते पूर्ण वाळेपर्यंत तावदान बसवू नये.

तावदान कापणे

संरक्षक कागद काढू नये. मापाच्या रेघा त्याच्यावरच पेन्सिलीने आखाव्यात आणि पॉलिकार्बोनेट असेल तर कापण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्यावर "बाहेर" असे लिहून ठेवावे.

ॲक्रिलिक कापायला लोखंडी पट्टी धरून ॲक्रिलिक कटरने एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढावे. पहिल्या दोन ओढी हलक्या असाव्यात, म्हणजे पाते रेघ सोडून घसरत नाही. जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी खाच पडली की शीट टेबलाच्या सरळ काठावर अशी ठेवावी की रेघ काठाच्या बरोबर वर येईल, आणि बाहेरचा भाग दोन्ही तळहातांनी एका दमात खाली दाबावा. स्वच्छ आवाज होऊन तुकडा निघतो. पॉलिकार्बोनेट असे तुटत नाही, ते नुसते वाकते; त्याला बारीक दातांची करवत लागते, आणि कापताना शीट दोन फळ्यांमध्ये आवळून धरावी, नाहीतर ती थरथरते व काप वेडावाकडा जातो. कापल्यानंतर चारही कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. कडेवर राहिलेला एखादा दाता म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात असते. तयार तावदानाचे वजन सव्वा किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाची काच त्याच्या दुप्पट भरली असती, आणि वाऱ्याने थडथडणाऱ्या पत्र्याच्या भिंतीला हा हलकेपणा मानवतो.

पत्रा कापणे

या कामाला जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि पायांत बूट हवेतच. आधी आतल्या बाजूने दोन नव्या उभ्या पट्ट्या वाशांना स्क्रूने जोडून घ्याव्यात, म्हणजे कापल्यावर पत्रा सैल पडत नाही. मग ओळंबा आणि पाणसळ लावून आतूनच भोकाचे चार कोपरे ठरवावेत आणि प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक भोक ड्रिलने आरपार पाडावे. बाहेर आल्यावर चारही भोके दिसतात. ती पट्टीने जोडली की आखणी तयार होते आणि उभ्या रेघा उंचवट्यावरच आल्या आहेत की नाहीत हेही तेव्हाच कळते. चूक असली तर ती इथेच सुधारावी.

कापायला पत्र्याची कात्री किंवा जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत) वापरावा. ग्राइंडरने काम झपाट्याने होते, पण त्याच्या ठिणग्या आजूबाजूच्या पत्र्यावर बसून जस्ताचा थर जाळतात आणि तिथे पुढे गंजाचे ठिपके उमटतात. ग्राइंडरच हाती असेल तर भोवतालच्या पत्र्यावर ओले गोणपाट टांगावे आणि जवळपास वाळलेले गवत नाही याची खात्री करावी. कापून झाल्यावर कड कानशीने घासून तिच्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. हे काम कंटाळवाणे वाटते आणि बहुतेक जण ते टाळतात. माझ्या पहिल्या खिडकीचा पत्रा खराब व्हायला हेही एक कारण होते.

चौकट बसवणे

चौकट भोकात अशी बसवावी की तिचा बाहेरचा काठ पत्र्याच्या उंचवट्याच्या सुमारे २० मिलिमीटर पुढे येईल. लाकडी पाचरी घालून ती पाणसळीत आणावी आणि प्रत्येक बाजूने दोन-दोन स्क्रूंनी उभ्या पट्ट्यांना व वाशांना जोडावी. खारी हवा असलेल्या भागात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच घ्यावेत.

आता चौकट आणि पत्रा यांच्यामधली फट झाकायची आहे. त्यासाठी साध्या, सपाट जस्ती पत्र्याच्या पट्ट्या लागतात, आणि त्यांचा नियम कौलांचाच आहे: वरचे नेहमी खालच्याच्या वर. म्हणून सर्वांत आधी खालची पट्टी लावावी, जी चौकटीच्या खालून निघून खालच्या पत्र्याच्या वर उतरते. मग दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या लावाव्यात, ज्या पत्र्याच्या उंचवट्यावर बसतात आणि ज्यांची खालची टोके खालच्या पट्टीवर येतात. आणि शेवटी वरची पट्टी लावावी. वरच्या पट्टीची एक कड वरच्या पत्र्याच्या मागे किमान ७५ मिलिमीटर आत सरकवायची आणि दुसरी कड चौकटीच्या पुढे ३० ते ४० मिलिमीटर बाहेर काढून किंचित खाली वाकवायची. या क्रमात अदलाबदल झाली तर कितीही सिलिकॉन भरले तरी पाणी थांबत नाही. पन्हळींच्या खाली राहिलेल्या पोकळ्यांत फोमच्या पट्ट्या ठासाव्यात, नाहीतर गांधीलमाश्या त्याच पावसाळ्यात तिथे घर करतात.

सिलिकॉन वापरायचे ते न्यूट्रल प्रकारचे असावे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना आम्ल बाहेर पडते. ते जस्ताचा थर खाते आणि पॉलिकार्बोनेटलाही अपाय करते. माझ्या पत्र्याच्या कडेला लागलेला गंज मुख्यतः त्याचाच होता.

तावदान बसवणे

तावदानाच्या दोन्ही अंगांचा संरक्षक कागद कडेने इंचभरच सोलावा. बाहेरच्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला ईपीडीएम रबराची (ऊन-पावसाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराची) पातळ पट्टी चिकटवावी. मऊ पीव्हीसीची पट्टी घेऊ नये, कारण तिच्यातला मऊपणा आणणारा द्रव पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो. चौकटीच्या तळाशी, पाणी जाण्याच्या खाचा सोडून, ३ मिलिमीटर जाडीचे रबराचे दोन छोटे तुकडे ठेवावेत आणि तावदान आतल्या बाजूने आणून त्यांच्यावर उभे करावे. बाजूंना मोकळीक सारखी आहे ना हे पाहून आतल्या चार पट्ट्या स्क्रूने लावाव्यात, आणि त्या तावदानाला टेकतील इतक्याच आवळाव्यात. बोटाने दाबल्यावर तावदान किंचित हलले पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी काम करीत असाल तर तावदान आधीच फुगलेले असते, त्यामुळे तेव्हा बाजूंना २ मिलिमीटर मोकळीक दिसली तरी चालते. थंडीत बसवताना मात्र पुरती ३ मिलिमीटर हवी.

उरलेला कागद त्याच दिवशी काढून टाकावा, कारण उन्हात राहिलेला कागद शीटवर भाजल्यासारखा चिकटतो आणि मग निघता निघत नाही.

हवेसाठी दुसरी खिडकी उघडणारी करावी. तिची चौकट अशीच, पण आत तावदान न बसवता त्याच पद्धतीने तयार केलेली एक हलकी झडप वरच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर टांगावी, म्हणजे ती बाहेर उघडते आणि अर्धवट उघडी असतानाही पाऊस आत येऊ देत नाही. बिजागऱ्यांच्या सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वरून ठोकली की तिथून पाणी झिरपत नाही. झडप उघडी धरण्यासाठी लोखंडी हूक आणि बंद ठेवण्यासाठी आतून कडी, दोन्ही लावावीत. वळवाच्या वाऱ्यात मोकळी झडप एका झटक्यात बिजागऱ्यांसह उखडते. झडपेच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची मजबूत जाळी मारावी, कारण घुशी, उंदीर आणि त्यांच्यामागून येणारे साप यांना उघडी खिडकी पुरते.

पाण्याची परीक्षा आणि देखभाल

पावसाची वाट न पाहता दोन माणसांनी ही परीक्षा घ्यावी. एकाने आत बॅटरी घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने पाण्याचा पाइप आधी खालच्या पट्टीवर पाच मिनिटे, मग बाजूंवर आणि सर्वांत शेवटी वरच्या पट्टीवर धरावा. खालून वर जाण्याचे कारण असे की वरूनच सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि पाणी नेमके कुठून शिरले ते कळत नाही. तळच्या दोन खाचांमधून बाहेर पाणी ठिबकताना दिसले तर काम बरोबर झाले आहे.

तावदान साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे; आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, कारण कोरड्या फडक्याखालची जांभ्याची धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट लावू नये, त्यांनी ॲक्रिलिकवर बारीक तड्यांचे जाळे उमटते. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तळच्या खाचांत बारीक तार घालून साचलेली माती आणि कोळ्यांची जाळी काढावीत, आतल्या पट्ट्यांचे स्क्रू सैल झाले असतील तर टेकवून घ्यावेत, आणि लाकडाला तेलाचा एक हात द्यावा.